शून्य मिनिटं थांब

मी एक भाषा बनवली आहे. हे वाक्य बोलले की समोरचा आधी आदराने माझ्याकडे बघतो आणि मग काळजीने माझ्या घरच्यांकडे बघतो, म्हणून खुलासा लगेच करून टाकते. ही माणसांनी एकमेकांशी बोलायची भाषा नाही. कापड रंगवायच्या मशीनला कामं सांगायची आहे, म्हणजे प्रोग्रॅमिंगची, आणि तिच्यात सुरुवातीला एकूण सहा शब्द होते. ती लिहिता येणारी माणसं जगात चौदा. सगळी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, सायकलच्या एका फेरीत भेटून होतील अशी. त्यांतल्या निम्म्यांशी माझं कधी ना कधी कडाक्याचं वाजलेलं आहे.

मी राहते पालघरला आणि नोकरी करते बोईसरला, कंट्रोल पॅनल बनवणाऱ्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये. स्कूटरवरून येते, हाडं खिळखिळी होतात, पण ते जाऊ दे. कापड रंगवायचं मशीन म्हणजे झाकण लावलेला मोठा आडवा हंडा. आत रंगाचं पाणी, आणि त्या पाण्यातून कापडाचा लांबलचक पीळ गोल गोल फिरत राहतो. पाणी भरायचं, तापवायचं, काही वेळ धरायचं, निववायचं, सोडून द्यायचं. पूर्वी ही कामं सांगायला मशीनशेजारी परदेशी कंट्रोलचे डबे असायचे. त्यांच्यातली यादी उलगडता उलगडता ऑपरेटर तिसऱ्या पानावर हरवायचे. आमचे साहेब, म्हणजे वर्कशॉपचे मालक, एक दिवस म्हणाले की सातवी शिकलेल्या माणसाला लिहिता येईल असं काहीतरी बनव. मी सव्वीस वर्षांची होते आणि मला तेव्हा सगळंच येत होतं. भर, फिरव, तापव, थांब, निवव, सोड. पुढे आकडा. संपलं.

उत्तर प्रदेशातून आलेल्या एका ऑपरेटरने पहिल्याच दिवशी विचारलं, ‘मॅडम, ये निवव क्या चीज है?’ मी म्हटलं, चाय फूँक के पीते हो ना, वही. त्याला पटलं. पुढे तोच बाकीच्यांना शिकवायला लागला.

माणसाला विचारून मग पुढे जा, असं सांगायला मात्र मी शब्दच ठेवला नव्हता. मुद्दाम. सगळ्या चुका माणसाच्या पायांनी आत येतात असं माझं तेव्हा ठाम मत होतं. एकदा प्रोग्रॅम लिहिला की मशीनने तो मुकाट्याने शेवटपर्यंत न्यावा आणि माणसाने लांब उभं राहून कौतुक करावं. हे मत मी चारचौघांत बोलूनही दाखवायचे. आता आठवलं की कानशिलं गरम होतात.

माणसाला बाजूला ठेवूनही चुका झाल्याच, कारण भाषा बनवणारी मीही माणूसच निघाले. आमच्या पहिल्या वर्षीच्या डब्यावर फक्त दोन आकडे दिसायचे. पॉलिएस्टर रंगवायला पाणी एकशे तीस अंशांवर न्यावं लागतं, आणि एकशे तीस दोन आकड्यांत मावेना. म्हणून मी नियम केला की तापमानाच्या जागी चौदाच्या खालचा आकडा आला की तो दहापट धरायचा. तापव 13 म्हणजे एकशे तीस. पुढच्या वर्षी तीन आकड्यांचे डबे आले, पण तोवर ढीगभर प्रोग्रॅमांत 13 ठाण मांडून बसला होता, मग नियमही तसाच राहिला. त्यामुळे माझ्या भाषेत बारा अंश ही गोष्ट सांगताच येत नव्हती. तारापुरात बारा अंश लागतात कुणाला, अशी मी स्वतःची समजूत घालायचे.

दुसरी चूक शून्याची. थांब 30 म्हणजे अर्धा तास थांब. त्यासाठी मशीन दर मिनिटाला एक वजा करतं आणि उरलेला आकडा शून्य झाला का ते बघतं. आता कुणी थांब 0 लिहिलं तर? शून्यातून एक गेला, उरला उणे एक. मग उणे दोन. शून्य काही येत नाही. मशीन जन्मभर थांबतं, मधूनमधून भोंगा वाजवतं, आणि कुणीतरी येऊन हिरवं बटण दाबलं तरच पुढे सरकतं. ही चूक मला दुसऱ्याच वर्षी कळली होती. पण डोकं ठिकाणावर असलेला माणूस शून्य मिनिटं थांब असं लिहीलच कशाला, म्हणून वहीत ‘दुरुस्त करणे’ एवढं टिपलं आणि पान उलटलं.

काही वर्षांनी साहेबांनी नवी आवृत्ती काढायचं मनावर घेतलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की जुनं काही बंद पडता कामा नये, पण सगळं नवीन वाटलं पाहिजे. मी हुरळले. एव्हाना मी मोठमोठ्या भाषांच्या कर्त्यांचे वाद वाचायला लागले होते. एक फालतू नियम काढायचा तर ती मंडळी वर्षानुवर्षं घोळ घालतात. का, तर कुठल्यातरी कोपऱ्यात कुणाचातरी जुना प्रोग्रॅम त्या नियमावर उभा असेल आणि तो कोसळेल. याला बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी म्हणतात. मला तो शुद्ध भित्रेपणा वाटायचा. त्यांचे लाखो लोक असतील, माझे चौदा आहेत, फोन करून विचारीन.

जुनं न मोडण्याची खरी हौस बघायची तर आमच्या शेअर रिक्षात बसावं. बोईसर स्टेशनवरून वसाहतीत जाताना एका नाक्याला अजूनही एका कंपनीच्या नावाने ओळखतात. ती कंपनी बंद होऊन जमाना झाला, गेट गेलं, पाटी गेली, जागेवर दुसरीच इमारत उभी आहे. त्या नव्या इमारतीचं नाव सांगितलं की रिक्षावाला मान वळवून ‘वो किधर है?’ विचारतो. स्कूटर घ्यायच्या आधी मी हट्टाने नवीनच नाव सांगायचे आणि हट्टाने पुढच्या नाक्यावर उतरून मागे चालत यायचे. असा माझा स्वभाव.

तर मी वही घेतली, पानाच्या मधोमध रेघ मारली, एका बाजूला मोडण्याचे फायदे आणि दुसऱ्या बाजूला तोटे लिहायला बसले. दहापटीच्या नियमावर तीन आठवडे घालवले. जुने 13 शोधून आपोआप 130 करणारा एक छोटा प्रोग्रॅमही लिहिला. त्या बदलाचा पुढे कुणाला पत्तासुद्धा लागला नाही. शून्यावर दहा मिनिटं घालवली. शून्य म्हणजे शून्य, थांबायचंच नाही, सरळ पुढची ओळ. फोन एकालाही केला नाही.

पहिली चाचणी जिथे घेतली तो कापड रंगवायचा कारखाना आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक, आणि तिथले मास्तर माझ्या भाषेचे सगळ्यात मोठे लेखक. मास्तर म्हणजे रंगाचे मास्तर, शाळेचे नव्हेत. कुंभवलीचे. गावाला लागून वसाहत उभी राहिली तेव्हा विशीत कारखान्यात शिरले, आता साठीला आले, नखं कायमची जांभळट झालेली. कापडाचा तुकडा उजेडात धरून हा निळा तांबड्याकडे चाललाय की हिरव्याकडे, हे लॅबच्या आधी सांगायचे. प्रत्येक रंगाचा एक, असे त्यांनी माझ्या भाषेत तीनशेच्या वर प्रोग्रॅम लिहिले होते. अगदी पहिला लिहिला तेव्हा त्यांनी मला विचारलं होतं, उद्या तुमी डबा बदलला तर माजं लिवलेलं जाईल काय. मी हसून म्हटलं होतं, मास्तर, तुम्ही लिहिलेलं कायम चालेल. शब्द द्यायला काय जातं.

चाचणी सकाळी सुरू केली. शाळेच्या गणवेशाचं नेव्ही ब्लू कापड, तीन नंबरचं मशीन, मास्तरांचाच प्रोग्रॅम. मी तो आधी वाचलासुद्धा नव्हता. मशीन भरलं, फिरलं, तापलं, थांबलं, निवलं. मी खूश होऊन उभी. मास्तर मात्र सकाळपासून मशीनभोवती घुटमळत होते, आता हातात कात्री घेऊन मशीनच्या तोंडाशी येऊन राहिले होते आणि एकदा डब्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होते. ते भोंग्याची वाट बघतायत हे मला उमगेपर्यंत मशीनने ‘सोड’ केलं आणि रंगाचं सगळं पाणी नाल्यात. शेजारच्या मशीनवरचा ऑपरेटर ओरडला, ‘मॅडम, ये रुका क्यों नहीं?’

त्या प्रोग्रॅममध्ये सात ठिकाणी थांब 0 होतं. माझ्या चुकीचा मास्तरांनी शब्द करून टाकला होता. मशीन शून्यावर अडकतं आणि बटण दाबल्याशिवाय हलत नाही, हे त्यांना केव्हाच सापडलं होतं, आणि जिथे माणसाने बघायला हवं तिथे ते शून्य घालत होते. कापडाचा तुकडा कापायचा, वाळवायचा, उजेडात नेऊन नमुन्याशी ताडून बघायचा. फिका वाटला तर त्याच पाण्यात आणखी रंग घालायचा. पाणीच सोडून दिलं तर घालणार कशात? मास्तरांनी कात्री टेबलावर ठेवली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, ‘म्याडम, तुमी माजं लिवलेलं मोडलंत.’

मी काय म्हणाले असेन? चुकले म्हणाले असेन, असं वाटतं ना? मी म्हणाले, मास्तर, शून्य म्हणजे शून्य. वर अर्धा तास त्यांना वजाबाकी समजावली. साठीच्या माणसाला, ज्याच्या हाताखालून अख्ख्या तालुक्याचे गणवेश गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या मशीनकडे निघून गेले.

आता कापड बिघडलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. मी कान पकडले असते, शून्य पुन्हा होतं तसं केलं असतं आणि मास्तरांनी महिनाभर टोमणे मारून मला माफ केलं असतं. पण कापड बिघडलं नाही. लॅबमध्ये नमुन्याशी जसंच्या तसं जुळलं. आणि नेहमीपेक्षा दीड तास आधी बाहेर आलं.

कारखान्याच्या मालकांनी मला केबिनमध्ये बोलावून चहा पाजला. माझ्या भाषेचं इतकं कौतुक तोवर कुणी केलं नव्हतं. मग ते म्हणाले की इतके दिवस मशीन कशासाठी थांबत होतं ते त्यांना कळायला हवं. दिवसपाळीला सहा मशीनांवर दोन मास्तर आहेत. मशीनं अशी न थांबता चालणार असतील तर दोघांनी करायचं काय? एक पुरे, आणि दुसरा मास्तर वयाने लहान आहे. सोमवारी मी प्रोग्रॅमचे कागद घेऊन यावं, थांबे खरंच लागतात का ते बघू आणि काय ते ठरवू. हे सगळं ते माझी पाठ थोपटल्यासारखं बोलत होते. माझा चहा कपातच निवला. दहा मिनिटांच्या दुरुस्तीत मी एका माणसाची नोकरी पणाला लावून ठेवली होती, आणि त्या माणसाला मी शब्द दिला होता.

घाबरले की मी कामाला लागते. त्या रात्री भाषेत सातवा शब्द घातला: विचार. विचार आलं की मशीन थांबेल, भोंगा वाजवेल, बटणाची वाट बघेल. आणि जुन्या प्रोग्रॅममधला प्रत्येक थांब 0 आपोआप विचार होईल. नवीन माणसाला स्वच्छ भाषा आणि जुन्या माणसाचं एक अक्षर मोडलेलं नाही. मोठ्या भाषांवाले वर्षानुवर्षं घोळ घालतात तो मी एका बैठकीत निस्तरला, म्हणून स्वतःवर जाम खूश झाले. एकच अडचण होती. सात शून्यांपैकी मुद्दाम घातलेली कुठली आणि चुकून पडलेली कुठली, हे माझ्या प्रोग्रॅमला कळणार नव्हतं. ते लिहिणाऱ्यालाच विचारायला हवं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी एखाद्याला विचारायला निघाले.

शनिवारी दुपारी मास्तर कारखान्याच्या मागच्या दारात बसले होते. ट्रक लागतात ते दार, तिथे उजेड चांगला म्हणून तुकडे तिथेच बघायचे. आम्ही दोघंच होतो. मी नेव्ही ब्लूचा कागद त्यांच्यापुढे धरला आणि मालक काय म्हणाले तेही सांगून टाकलं. त्यांना ते आधीच कळलं होतं. भिंतींना कान असतात तसे कारखान्यात चहावाल्यांना असतात. त्यांनी कागद मांडीवर घेतला आणि नखाने दोन ओळी दाखवल्या. एक सुरुवातीची, कापडाचा पीळ नीट फिरतोय का ते बघायला. एक शेवटची, पाणी सोडायच्या आधी, रंग बघायला.

‘हे दोन खरे हायत,’ ते म्हणाले. ‘बाकीचे पाच माज्यासाटी.’

मला आधी समजलंच नाही. मग त्यांनी सावकाश सांगितलं. आमचे डबे पहिल्यांदा लागले तेव्हा दुसऱ्या एका कारखान्यातला त्यांचा जोडीदार महिन्याभरात घरी बसला. मशीन आपलं आपण चालतंय म्हटल्यावर मालकाला माणूस दिसेनासाच होतो. मग यांना ते शून्य सापडलं. दिवसभर मशीनांनी भोंगा वाजवला, आणि प्रत्येक भोंग्याला मास्तर उठून गेले, तर कुणालाही दिसतं की मास्तर लागतो. पाचातला एक गुडघ्यासाठी होता, तेवढा वेळ बसता यायचं. एक भाकरीसाठी. एकशे तीस अंशांवरचा तर निव्वळ भोंग्यासाठीच. हे सांगताना ते हसत नव्हते आणि शरमलेलेही नव्हते. एखाद्याने आपल्या घराची मांडणी दाखवावी तसं दाखवत होते.

मला राग यायला हवा होता. माझी भाषा दीड दीड तास खोळंबत होती आणि मी मात्र तिच्या वेगाची जाहिरात करत हिंडत होते. पण राग नाही आला. मी ज्या भाषेत माणसाला जागाच ठेवली नव्हती, त्या भाषेत हा माणूस माझ्याच चुकीतून आत शिरला होता आणि ऐसपैस बसला होता. मला त्यांचा अभिमान वाटला, आणि त्यांना आता तिथून उठावं लागेल याची भीतीही वाटली. मी म्हटलं, मास्तर, काळजी करू नका, सोमवारी काय बोलायचं ते मी बघते. त्यांनी कागद घडी घालून माझ्या हातात दिला. मी ती संमती धरली.

रविवार सगळा वजनं करण्यात गेला. एका पारड्यात तीनशे प्रोग्रॅम, दिलेला शब्द आणि एक माणूस. दुसऱ्या पारड्यात दीड तास आणि खरं बोलणं. घरचे म्हणाले, सुट्टीच्या दिवशी भिंतीशी काय बोलतेस. संध्याकाळपर्यंत माझं भाषण तयार झालं होतं.

सोमवारी केबिनमध्ये मालक, मास्तर आणि मी. मास्तर उभेच राहिले. मी सुरू झाले. चालू असलेला प्रोग्रॅम मोडणं हे भाषेच्या कर्त्याचं सगळ्यात मोठं पाप आहे म्हणाले. जगातल्या मोठ्या भाषा टिकल्या त्या जुन्या माणसांचा शब्द पाळला म्हणून, म्हणाले. भित्रेपणाला मी तत्त्व म्हणत होते आणि मला ते शोभूनही दिसत होतं. कागदावरचा प्रत्येक थांबा अनुभवातून आलेला आहे, आम्ही इंजिनियर लोकांनी त्यात नाक खुपसू नये, इथवर गेले. मालकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पेनाचं टोक कागदावरच्या एका ओळीवर ठेवलं.

‘इथेही तुकडा कापून बघतात?’

मी ओळ बघितलीसुद्धा नाही. ‘हो,’ म्हणाले, ‘सगळीकडे बघतात. गरजेचंच आहे ते.’

पेन होतं एकशे तीस अंशांच्या ओळीवर. तिथे आत इतका दाब असतो की झाकण उघडतच नाही. उघडू नये म्हणून कुलूप असतं, आणि त्या कुलपाचा प्रोग्रॅम माझ्याच हातचा आहे. तिथे तुकडा कापता येतो असं म्हणणारा माणूस एकतर खोटारडा असतो नाहीतर त्याला रंगातलं ओ की ठो कळत नसतं. मालकांच्या घरात दोन पिढ्या हाच धंदा. ते किंचित हसले आणि माझ्याकडे न बघता मास्तरांकडे बघितलं. ते हसणं मास्तरांनी पाहिलं.

‘नाय सायेब,’ मास्तर म्हणाले. ‘तितं काय बघता येत नाय. दोनच खरे हायत, पयला आनि शेवटचा. बाकीचे मी घातलेत, कामाचे नाय.’

मालक चांगले माणूस आहेत, हे मुद्दाम सांगते, कारण ते वाईट असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी मास्तरांना बसायला खुर्ची दिली. खरं बोललात म्हणून बरं वाटलं म्हणाले. मग महिनाअखेरपर्यंत यावं, सगळे प्रोग्रॅम नीट करून द्यावेत आणि नंतर आराम करावा, असंही म्हणाले. ‘आराम’ या शब्दाभोवती पंधरा वीस मिनिटं बोलणं चाललं होतं. मास्तर मान हलवत होते.

गेटपर्यंत ते माझ्याबरोबर आले. मी रडकुंडीला आले होते, आणि रडू आलं की मी भांडते, तशी भांडले. कशाला बोललात? मी सांभाळत होते ना? झालं असतं ते माझं झालं असतं. त्यांनी मला बोलू दिलं. चारचौघांत ते मला म्याडम म्हणायचे, एकटी असले की बाय.

‘खोटं बोलायचं तर माजं मी बोललो असतो, बाय,’ ते म्हणाले. ‘तुज्या तोंडून निगालं तवा वाटलं, मला रंगातलं काय कळतच नाय.’

मी त्यांची नोकरी वाचवायला गेले आणि त्यांचं मास्तरपणच मालकांपुढे ठेवून आले. दोन्हींतलं काय मोडलं तर चालेल, हे मी त्यांना विचारलं नव्हतं. इतका हिशोब मांडूनही विचारायचं तेवढं राहिलंच.

महिन्याचे उरलेले दिवस ते मागच्या दारात तीनशे प्रोग्रॅमचा गठ्ठा घेऊन बसायचे आणि लाल पेनाने खुणा करायचे. खऱ्या शून्याला गोल, खोट्यावर काट. मी एक दिवसाआड लॅपटॉप घेऊन जायचे, शेजारी पोत्यांवर बसायचे आणि त्यांच्या खुणांप्रमाणे बदल करायचे. गोल असेल तिथे विचार, काट असेल तिथे ओळच उडवायची. एकाही कागदावर त्यांची खूण डळमळलेली दिसली नाही. कुठल्या मरूनला शेवटी दोनदा बघावं लागतं, कुठला पोपटी आपसूक येतो, हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं. मध्येच एखादा तुकडा उजेडात धरून मला दाखवायचे. मला तो नुसता निळा दिसायचा.

शेवटच्या दिवशी एकच प्रोग्रॅम उरला होता, त्यांनी सगळ्यात आधी लिहिलेला. त्यात मागाहून घातलेली चार शून्यं होती, दोनांवर काट. मी एक ओळ उडवली. दुसरीवर येऊन माझी बोटं थांबली.

‘मास्तर,’ मी म्हटलं, ‘हा एक राहू दे. कुणाला कळायचं नाही.’

त्यांनी चष्मा वर करून स्क्रीनकडे बघितलं. किती अंशांवरचा आहे ते वाचलं. मग मान हलवली.

‘नको. कापड उगाच गरम पाण्यात ताटकळंल.’

मी चिडले. म्हटलं, इतकी वर्षं ताटकळलंच की.

‘तवा मी होतो ना बाजूला,’ ते म्हणाले.

मी ते शून्य खोडलं.